पांढऱ्या पायाचा बेतिसवाला

माझ्या बारमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही. ‘शिडीवाला’ म्हणतात. एखादा नवखा चुकून ‘बेनिग्नो’ म्हणालाच, तर सगळे एका सुरात ‘सरडा, सरडा!’ करतात आणि सापडेल त्या लोखंडाला हात लावतात. कुणी खिशातल्या किल्ल्या चाचपतो, कुणी खुर्चीचा पाय पकडतो. त्यानं म्हणे अरिष्ट टळतं. मी म्हणते, टळत असतं तर तुमची तोंडं मला रोज सकाळी बघावी लागली नसती. पण ऐकतंय कोण! मी रेयेस, या बारची मालकीण. नवरा गेला, बार राहिला, आणि बारबरोबर बेतिसवाल्यांची, म्हणजे आमच्या बेतिस फुटबॉल क्लबामागं वेड्या झालेल्यांची, ही जमातही माझ्या गळ्यात पडली. मागच्या खोलीत त्यांचं मंडळ भरतं. भिंती हिरव्या-पांढऱ्या, छताला निशाणं, कोपऱ्यात माता मारियेची तसबीर आणि तिच्या गळ्यातही हिरवा-पांढरा मफलर. तिला विचारलं नव्हतं कुणी.

मी मात्र बेनिग्नोला बेनिग्नोच म्हणणार. कुणाला किल्ल्या चाचपायच्या असतील त्यांनी खुशाल चाचपाव्यात.

तो जन्मला त्या उन्हाळ्यात आमचा क्लब तिसऱ्या विभागात घसरला. एके काळी सगळ्या देशात पहिला आलेला क्लब, आणि आता शेळ्या हाकून मोकळ्या केलेल्या मैदानांवर खेळायची पाळी! बापानं पाळण्यात वाकून बघितलं नि म्हणाला, "काय रे बाबा, येताना काय घेऊन आलास?" गमतीत म्हणाला तो. पुढं त्याच पोराला खांद्यावर बसवून तो गावोगावच्या त्या धुळीत हिंडला. बेनिग्नो मला सांगायचा, "रेयेस, हरून घरी परतायची जी गाडी असते ना, तिच्यात मी मोठा झालो. कुणी कुणाशी बोलायचं नाही. पण पावाचा तुकडा सगळे वाटून खायचे." सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की वाटावं, लग्नाच्या वरातीचंच वर्णन करतोय.

मोठा झाल्यावर तो छतं बांधायच्या धंद्यात पडला. आमच्या सेवियाचं ऊन म्हणजे काय विचारू नका. गल्लीवर, गच्चीवर, खिडकीवर जाड कापड ताणल्याशिवाय इथं उन्हाळा निघत नाही. ते कापड शिवायचं, दोर ओवायचे, शिडीवर चढून ताणायचं, हे त्याचं काम. हात असा सफाईदार की त्याचं छत वाऱ्यालाही दाद द्यायचं नाही. पण ज्याच्या खांद्यावर सदा शिडी, त्याच्या वाटेला कोण जाणार? शिडीखालून जाणं अशुभ, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, आणि तो बिचारा हसून हात हलवायचा.

खरी माती खाल्ली ती आन्सेल्मोनं. आन्सेल्मो मासळीवाला, मंडळाचा अध्यक्ष, आवाज बाजारभर पोचणारा. झालं असं की बेनिग्नोचं लग्न नेमकं त्या दिवशी लागलं, ज्या दिवशी बेतिस माद्रिदमध्ये राजाच्या चषकाची अंतिम लढत खेळत होता. तारीख आधीच ठरलेली, पाद्रीबुवा हटेनात. अख्खी वस्ती माद्रिदला गेली, बेनिग्नो त्रिनीशी लग्न लावून इथंच राहिला, आणि चषक आम्ही जिंकलो! त्या आनंदात गड्यानं पुढच्या हंगामाचा पास काढला. एकही सामना चुकवला नाही. आणि तोच क्लब, चषक जिंकलेला क्लब, त्याच हंगामाअखेर खालच्या विभागात गेला. आन्सेल्मोनं माझ्या बारच्या मध्यभागी उभं राहून जाहीर केलं, "हा आला की आपण बुडतो, हा नसला की आपण जिंकतो. हा पांढऱ्या पायाचा आहे." सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

एकदा शिक्का बसला की पुरावे आपोआप गोळा होतात. त्यानं ज्याचं अभिनंदन केलं त्याची गाय मेली, ज्याला गाडी लोटायला हात लावला त्याची गाडी ठोकली. त्रिनी देवाघरी गेली, तीही त्याच्याच खात्यावर मांडली मेल्यांनी. बेनिग्नोनं हळूहळू मागच्या खोलीत यायचं सोडलं, मग बारच्या आतही. बाहेर खिडकीशी उभा राहायचा. बाकीचे त्याचा ग्लास चमच्यानं पुढं ढकलायचे, त्याच्या हाताला हात लागू नये म्हणून. मी हातानंच द्यायची. तरी छत बांधायला सगळ्यांना तोच हवा. त्याच्या हातची सावली चालते, तो नाही!

आणि मग त्याच्या मुलीनं, आरासेलीनं, लग्न कुणाशी करावं? आन्सेल्मोच्या फिदेलशी! दोघंही पोरं गोड, काय बोलणार? आन्सेल्मोनं नाक मुरडलं, त्याच्या बायकोनं, कुस्तोदियानं, लग्नात लोखंडी खिळा आपल्या शालीच्या टोकाला बांधून घेतला. तरी लग्न पार पडलं. आरासेलीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बेनिग्नो तिच्या गॅलरीला छत बांधून द्यायला गेला. बाळाला ऊन लागू नये म्हणून. त्याच आठवड्यात तिचं पोटातलं मूल गेलं. कुस्तोदियानं ते छत स्वतःच्या हातानं फाडून रस्त्यावर फेकलं आणि त्याला दार बंद झालं. आरासेली चोरून बाजारात भेटायची त्याला. पण तिच्याही मनात पाल चुकचुकत असेल का, या विचारानं तो झुरायचा.

मग एका साली हंगाम सुरू होऊन थोडे रविवार झाले होते. आन्सेल्मोनं त्याला मागच्या खोलीत बोलावलं. खोलीत मंडळाची चारदोन डोकी, सगळे भिंतीला चिकटून. मी पालक-हरभऱ्याच्या बश्या घेऊन आत गेले आणि मुद्दाम तिथंच रेंगाळले.

"बस, व्याही," आन्सेल्मो म्हणाला. व्याही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बेनिग्नोनं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच धास्ती वाटली.

"आरासेली बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. दिवस गेलेत तिला."

बेनिग्नोला हे ठाऊक नव्हतं. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगाच मातेच्या तसबिरीकडे बघत राहिला.

"तुझ्यासाठी एक काम आहे," आन्सेल्मो म्हणाला. "नेर्वियोनला जायचं. हंगामभर. त्यांचा सभासद व्हायचं, त्यांच्या गर्दीत बसायचं."

नेर्वियोन म्हणजे पलीकडच्यांचं, आमच्या वैऱ्यांचं मैदान. तांबडे-पांढरे. क्लबाला अख्ख्या शहराचं नाव लावून बसलेले. आमच्याकडे सांगतात की फार पूर्वी त्यांनी एका कामकऱ्याच्या पोराला संघात घेतलं नाही, म्हणून चार माणसं रागावून बाहेर पडली आणि त्यातून आमचा क्लब उभा राहिला. खरंखोटं देव जाणे, पलीकडचे वेगळंच सांगतात. पण बेनिग्नोचा बाप त्या रागावर वाढला होता. दवाखाना त्या वस्तीत आहे म्हणून तो दातदुखी सोसायचा.

"मी? त्यांच्यात बसू?" बेनिग्नो म्हणाला.

"नुसतं बसायचं नाही. मनापासून त्यांचं भलं चिंतायचं. हे बघ, मी नीट विचार केलाय. तू ज्याला जीव लावतोस ते बुडतं. नावडत्याला तुझं काही लागत नाही. माझंच बघ ना, तू माझा एवढा राग करतोस आणि माझं दुकान कसं चाललंय!"

भिंतीला चिकटलेले खिंकाळले. बेनिग्नो हसला नाही.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नातवंडाचं तोंड फोटोत बघ."

"आणि गेलो तर?"

"तर बाप्तिस्म्याला मूल तुझ्या हातात. धर्मपिता तू. मंडळासमोर शब्द देतो."

माझं टाळकंच सरकलं. "अरे, लाज वाटते का रे? पोटच्या पोरीच्या बाळासाठी माणसाला असला सौदा करायला लावता? मासळीबरोबर अक्कलही बर्फात ठेवलीस का, आन्सेल्मो?"

"रेयेस, थांब," बेनिग्नो हळूच म्हणाला. "जातो मी."

मंडळानं वर्गणी काढून त्याला पास घेऊन दिला. तांबडा मफलर विकत घ्यायला मात्र कुणी जाईना, शेवटी तोही मीच आणला, कागदात गुंडाळून, जणू काही विष.

पहिल्या रविवारी परत आला तेव्हा तोंड पांढरंफटक. "ओरडलास का?" मी विचारलं. "ओरडलो. पण खोटं ओरडलो. मनातून येईना." दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र वेगळंच सांगायला लागला. त्याच्या शेजारच्या जागेवर एक म्हातारी बसायची, पास्तोराबाई. ती त्याला सूर्यफुलाच्या बिया द्यायची, थंडी वाजली की शालीचं टोक द्यायची. "चांगली माणसं आहेत गं," तो म्हणाला. "हीच पंचाईत आहे. नालायक असती तर बरं झालं असतं. हरले की आपल्यासारखीच गप्प होतात." थोडं थांबून म्हणाला, "ती बाई परवा मला काय म्हणाली माहितीय? ‘तुम्ही किती जीव तोडून ओरडता हो! तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला.’"

आणि ते बुडायला लागले. साधंसुधं नाही, तळाला जायला लागले. इथं माझ्या बारमध्ये दिवाळखोरांना लॉटरी लागावी तसा जल्लोष. आन्सेल्मो रोज सकाळी वर्तमानपत्रातला तक्ता नखानं खरवडून दाखवायचा. "बघा! बघा! शिडीवाल्यानं हात लावला!" बेनिग्नोसाठी खिडकीशी फुकट बियर. तो प्यायचा नाही. त्याचा चेहरा दिवसेंदिवस काळवंडत चालला होता.

हिवाळ्यात एके दिवशी आला, हात कोटाच्या खिशात खोल खुपसून. "पास्तोराबाईची जागा रिकामी होती. घरात पडली म्हणे. मांडीचं हाड मोडलं."

"म्हातारी बाई, पडली असेल. माझी आई दोनदा पडली," मी म्हटलं.

"मागच्या रविवारी ती निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, ‘जपून जा हं.’ मनापासून म्हटलं होतं, रेयेस."

अंगावर काटा आला माझ्या. तो काय बोलतोय त्यामुळं नाही. तो ते मानायला लागला होता म्हणून. इतकी वर्षं लोक म्हणायचे आणि तो हसून हात हलवायचा. आता त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता. त्या दिवसापासून तो कुणाला ‘बरा आहेस ना’ एवढंही विचारेना.

तोवर दुसरंच संकट दारात उभं राहिलं. आमचा बेतिसही हरायला लागला. आधी वाटलं, होतं कधीकधी. मग वसंत आला, संत्र्यांची झाडं फुलली, आणि तक्त्यात पलीकडचे सगळ्यात खाली आणि त्यांच्या वर थोड्याच अंतरावर आम्ही! बारमधली हवा बदलली. लोक मोठ्यानं बोलेनासे झाले, आणि खिडकीशी सावली दिसली की किल्ल्या खुळखुळायच्या. एका संध्याकाळी आन्सेल्मोनं बाहेर जाऊन बेनिग्नोच्या कोटाचा खिसा उपसला. आत लहानसा रेडिओ, कानात घालायच्या वायरीसकट.

"त्यांच्या मैदानात बसून आपला सामना ऐकतोस?"

"नुसता आकडा कळावा म्हणून रे..."

"आकडा! जीव इकडेच ठेवलास ना, हरामखोरा! म्हणून आपण बुडतोय!"

बेनिग्नोनं रेडिओ मुकाट्यानं देऊन टाकला. आन्सेल्मोनं तो फुटपाथवर टाचेखाली चिरडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस उलटून बोलेल. तो म्हणाला, "बाळाला यातलं काही लागणार नाही ना, आन्सेल्मो? बाळाचा विचारसुद्धा मी करत नाही. शपथ."

मे महिन्यात, माझ्याकडे गोगलगायींच्या रश्श्याची पातेली चढली होती तेव्हा, पलीकडचे बुडाले ते बुडालेच. त्यानंतर उत्तरेकडचा एक संघ त्यांच्या मैदानावर आला. तो जिंकला तर आमचं मरण जवळ येणार होतं. बेनिग्नो तिथंच होता. त्यानं मला सांगितलं, "त्यांच्याच जाळ्यात गोल पडला, आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. स्वतः बुडालेत, तरी आपल्याला बुडवायला मिळतंय म्हणून खूष. सगळे उठले म्हणून मीही उठलो. टाळ्या वाजवल्या, रेयेस. बापाला काय वाटलं असेल?"

त्याच महिन्यात आम्हीही गेलो. एकाच शहरातले दोन वैरी, एकाच हंगामात, दोघंही खालच्या विभागात. आणि आमच्या पराभवावर शिक्कामोर्तब झालं त्याच आठवड्यात आरासेलीला मुलगी झाली. ठणठणीत, गुबगुबीत, रडायला आन्सेल्मोवर गेलेली. नाव ठेवलं आल्बा.

आन्सेल्मोनं शब्द फिरवला. "आपण वर राहिलो असतो तर गोष्ट वेगळी होती," म्हणाला. धर्मपिता म्हणून कुणी चुलतभाऊ उभा केला. बेनिग्नो चर्चच्या बाहेर झाडाखाली उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. बाप्तिस्मा आटपून सगळे बाहेर आले आणि आरासेलीनं काय केलं, सरळ त्याच्यापुढं गेली. सासू मागून ओरडतेय, नवरा चुळबुळतोय, पण तिनं पर्वा केली नाही. "पापा, घ्या हिला," तिनं बाळ पुढं केलं. "मी काही मानत नाही. घ्या."

बेनिग्नोनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"पापा!"

"गोरी आहे," तो म्हणाला. चुकून डोळा बाळावर गेला नि त्यानं मान वळवली. "ऊन लागेल तिला. आत ने." आणि चालू पडला. आरासेली तिथंच रडत उभी राहिली. मला इतका संताप आला की मी आन्सेल्मोच्या पेल्यात त्या दिवशी खरंच थुंकले असते.

पुढच्या हंगामात त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो पुन्हा नेर्वियोनला जायला लागला. पास स्वतःच्या पैशानं. "अरे, आता कशाला?" मी विचारलं.

"ही माया कुठंतरी खर्च करायला हवी ना गं," तो म्हणाला. "नाहीतर सगळं त्या पोरीकडे जाईल. आठवडाभर साठतं, रविवारी तिथं ओतून येतो. मनापासून चिंततो त्यांचं भलं, काहीसुद्धा हातचं राखत नाही. मग घरी आलो की मोकळा असतो. तिच्यासाठी काही उरत नाही."

मी ग्लास पुसत राहिले. आल्बाची बाबागाडी गल्लीत दिसली की तो शिडी घेऊन पलीकडच्या बोळात शिरायचा. इतकी वर्षं लोक त्याला टाळत होते, आता तो स्वतःच्या नातीला टाळायला लागला.

आणि नवल असं, की पलीकडचे जिंकायला लागले. एक सामना, दुसरा, तिसरा. बेनिग्नो आधी घाबरला, मग बुचकळ्यात पडला. पास्तोराबाई काठी टेकत परत आली आणि तिनं त्याला मिठीच मारली. वसंतात तो माझ्या खिडकीशी यायचा तेव्हा डोळ्यांत काहीतरी हलायला लागलं होतं. "आजही जिंकले," हळूच सांगायचा. "आणि मी पूर्ण जीव लावला होता, रेयेस. शपथ." मी मुद्दामच काही बोलले नाही. त्याचं त्यालाच उमगू दे, म्हटलं.

जूनमध्ये ते वर चढले, आपल्या विभागात पहिले येऊन. पाठोपाठ आम्हीही चढलो. त्या रविवारी माझ्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आणि दारातून, समोरच्या दारातून, बेनिग्नो आत आला. शिडी नाही, हात खिशात नाहीत. रडून डोळे लाल. "ते वर गेले," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वर्षभर मी त्यांचं भलं चिंतलं, रोज चिंतलं, आणि ते वर गेले. म्हणजे माझ्यात काही नाही. काही नव्हतंच, आन्सेल्मो!"

मग कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. खुशीत होते ना! आन्सेल्मोसुद्धा ओशाळं हसला, म्हणाला, "खरंच की." आरासेलीनं गर्दीतून वाट काढत आल्बाला आणलं, अंगात इवलासा हिरवा-पांढरा सदरा, आणि बापाच्या हातात दिली.

त्यानं तिला असं धरलं की मला बघवेना. पोर त्याच्या कानाशी खेळत होती. तो तिच्या केसांत नाक खुपसून नुसता उभा होता. वर्षभराचं सगळं एकदमच वर आलं असणार.

तेवढ्यात वीज गेली. उन्हाळ्यात जाते आमच्याकडे, सगळ्यांची गारव्याची यंत्रं एकदम चालू असतात. टीव्ही बंद, पंखा बंद. सगळ्यांच्या माना सवयीनं बेनिग्नोकडे वळल्या. मग कुस्तोदियाचा आवाज आला, अगदी शांत, हिशेब मांडल्यासारखा.

"पण त्याच्यात तर काही नाही ना? आताच ठरलं."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मी कुठं काय म्हणतेय? एवढंच, की दोघंही क्लब बुडाले ते कुणाच्या जन्माच्या आठवड्यात? फिदेल कामाला होता तो कारखाना बंद पडला कधी? बाप्तिस्म्यानंतर."

कुणी हसलं नाही. आरासेली म्हणाली, "आई, काय बोलताय तुम्ही? तुमची नात आहे ती!" बेनिग्नोनं विषय मोडायला आल्बाला उचलून पुढं केलं. "चल, जा बघू आजोबांकडे." पोरीनं हसत दोन्ही हात आन्सेल्मोकडे पसरले.

आन्सेल्मोचा हात खिशात गेला. किल्ल्या वाजल्या. त्या शांततेत सगळ्यांनी ऐकल्या.

मग शेजारच्यानं टेबलाचा लोखंडी पाय धरला. मग दारातल्यानं कडी. कुणी आल्बाकडे बघत नव्हतं, आणि हात मात्र सगळ्यांचे लोखंडावर. आरासेलीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं ते सगळं आपल्या बापाबरोबर होताना बघत बालपण काढलं होतं.

बेनिग्नोनं ते हात एकेक करून बघितले. आणि तो हसायला लागला. मोठ्यानं, आन्सेल्मोसारखा, बाजारभर ऐकू जाईल असा.

"काय खुळी माणसं आहात रे! विश्वास बसला तुमचा? मी आणि नेर्वियोनवाल्यांचं भलं चिंतणार? अरे, वर्षभर त्यांच्यात बसून शिव्या घालत होतो मी त्यांना! मनातल्या मनात, रोज. मरा, बुडा, म्हणत होतो. म्हणून तर वर गेले! मी ज्याचं वाईट चिंतलं त्याचं भलं झालं. आन्सेल्मो, तूच म्हणाला होतास ना, माझ्या रागानं तुझं दुकान चाललंय?" त्यानं आल्बाला आरासेलीच्या कडेवर दिलं. द्यायला जरा वेळ लागला, पोर त्याचा कान सोडेना. "आताची वीजही मीच घालवली. उगाच हातात घेतली पोरीला, चूक झाली. जातो मी."

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. खरंच, कानांनी ऐकला मी. किल्ल्या खिशात परत गेल्या. "सरडा, सरडा," कुणीतरी पुटपुटलं, आणि आन्सेल्मोनं लगेच पुढं होऊन नातीला घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. कुस्तोदिया म्हणाली, "वाटलंच होतं मला."

आरासेली बापाच्या पाठीकडे बघत राहिली. ‘पापा खोटं बोलताहेत’ म्हणावं, तर पोरीवर येतं. तिनं ओठ दाताखाली धरले.

मी त्याच्यामागं रस्त्यावर धावले. तो कोपऱ्यावर, कुणीतरी तोडून टाकलेल्या खोक्यावर बसला होता. "खोटारड्या," मी म्हटलं. "रविवारी रात्री माझ्या खिडकीशी येऊन, पूर्ण जीव लावला म्हणून शपथ घ्यायचास तू."

"हळू बोल," तो म्हणाला. "आत ऐकू जाईल."

आत वीज आली, गाणी सुरू झाली. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "चालते का गं ती अजून?"

"नाही. धरून उभी राहते."

"चालायला लागली की सांग," तो म्हणाला. "कुठल्या गल्लीतून नेतात तेही सांग. लांब राहीन मी."